पार्श्वभूमी : अमेरिकी मिडल स्कूलमधली अख्खी कादंबरी आणि राज्य चाचणीचा उतारा

अमेरिकेत सहावी ते आठवीच्या इंग्रजीच्या तासाला अख्खी कादंबरी वाचायची, की राज्य चाचणीसाठी उताऱ्यांचा सराव करून घ्यायचा, हा वाद चाचण्यांचा हंगाम आला की पुन्हा पेटतो. त्याचं मूळ बहुतेक जण दरवर्षीची चाचणी सक्तीची करणाऱ्या २००२ च्या केंद्रीय कायद्यात दाखवतात. ते चूक नाही, पण अपुरं आहे. कादंबरीला खरा धक्का बसला तो २०१० नंतर, आणि तोही कादंबरीशी फारसा संबंध नसलेल्या एका छोट्या तक्त्यामुळे.

जुना इतिहास थोडक्यात आटपता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाविद्यालयांनी प्रवेशासाठी ठरावीक पुस्तकांच्या याद्या काढल्या आणि शाळा मुकाट्याने तेवढंच शिकवू लागल्या. त्या जाचाला कंटाळून १९११ मध्ये इंग्रजी शिक्षकांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना उभी केली. म्हणजे तेव्हा परीक्षेचं ओझं अख्ख्या पुस्तकांच्या रूपात येत होतं. उतारा आणि त्याखाली चार पर्याय ही जोडी नंतरची. आयोवामध्ये १९३५ साली सहावी ते आठवीसाठी मूलभूत कौशल्यांची चाचणी सुरू झाली. पुढे १९५० च्या दशकात उत्तरपत्रिका वाचणारी यंत्रं आली आणि लाखो मुलांची तपासणी स्वस्तात होऊ लागली.

१९६० च्या दशकात ज्युनिअर हायस्कूलच्या जागी मिडल स्कूल येऊ लागलं आणि त्याच सुमारास खास या वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांनी जोर धरला. १९६७ ची एक गाजलेली कादंबरी तर लेखिकेने शाळेत असतानाच लिहायला घेतली होती. स्वस्त पेपरबॅक, वर्गातल्या प्रत्येकाला एक प्रत पुरेल असा क्लास सेट, काही आठवडे एकच पुस्तक आणि प्रत्येक प्रकरणावर प्रश्न, हा ‘नॉव्हेल स्टडी’चा साचा पुढे रुळला. तो निर्दोष होता असं मुळीच नाही. आठवड्याभरात वाचून होईल अशी गोष्ट दीड महिना ताणायची आणि शब्दार्थ, रिकाम्या जागा भरून घेत तिचा चोथा करायचा, असे वर्ग भरपूर होते. १९८७ मध्ये मेन राज्यातल्या आठवीच्या एका शिक्षिकेचं पुस्तक आलं आणि मुलांनी आपलं पुस्तक आपणच निवडावं, ही वर्कशॉप पद्धत पसरली. सगळ्या वर्गाने एकच कादंबरी वाचण्याच्या प्रथेवर आधीचा घाव चाचणीवाल्यांचा नव्हे, तर वाचनाचं वेड असलेल्या शिक्षकांचाच होता. आजच्या वादात ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते.

१९९४ च्या केंद्रीय कायद्याने सहावी ते नववी या टप्प्यात एकदाच चाचणी मागितली होती. जानेवारी २००२ मध्ये सही झालेल्या कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची चाचणी सक्तीची केली. २०१३-१४ पर्यंत १०० टक्के मुलं प्रवीण ठरली पाहिजेत असं उद्दिष्ट ठेवलं आणि केंद्राचा निधी घेणाऱ्या शाळा मागे राहिल्या तर पायरीपायरीने कारवाई ठरवली. हायस्कूलला एकच चाचणी, मिडल स्कूलला मात्र तिन्ही वर्षं. बऱ्याच शाळांत हिवाळ्याच्या सुट्टीनंतर सरावपुस्तिका बाहेर निघू लागल्या. आज मुख्य कल्पना, उद्या अनुमान, परवा लेखकाचा हेतू, असा रतीब सुरू झाला. कादंबरी सरकली ती चाचणी उरकल्यानंतरच्या आठवड्यांत.

या सरावामागचं गृहीतक असं, की आकलन हे सुटं कौशल्य आहे आणि कुठल्याही उताऱ्यावर घोटवलं की ते दुसऱ्या उताऱ्याला उपयोगी पडतं. त्याला शह देणारा प्रयोग १९८८ मध्येच प्रसिद्ध झाला होता, आणि तोही नेमका याच वयाच्या ६४ मुलांवरचा. बेसबॉलच्या सामन्याच्या वर्णनावर त्यांना तपासलं, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं वाचनात पक्क्या पण खेळ न जाणणाऱ्यांच्या पुढे गेली. सरावपुस्तिकांवर याचा काही परिणाम झाला नाही.

आता तो तक्ता. जून २०१० मध्ये इंग्रजी आणि गणिताची सामाईक मानकं (‘कॉमन कोअर’), म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलांना काय यायला हवं याची राज्यांसाठीची समान यादी, जाहीर झाली. ४० हून जास्त राज्यांनी ती घेतली; केंद्राच्या ४.३५ अब्ज डॉलरच्या निधीसाठी राज्यांमध्ये लावलेल्या स्पर्धेत अशी मानकं स्वीकारण्याला गुण होते, हेही त्यामागे होतं. मानकांच्या प्रस्तावनेत वाचनाची वाटणी दिली होती. चौथीला साहित्य ५० टक्के आणि माहितीपर मजकूर ५०, आठवीला ४५ आणि ५५, बारावीला ३० आणि ७०. हे आकडे मुलांच्या वाचनाचा अभ्यास करून काढलेले नव्हते. ते २००९ च्या राष्ट्रीय वाचन चाचणीच्या आराखड्यातले होते. प्रश्नपत्रिकेत कोणत्या जातीचे उतारे किती असावेत याची ती वाटणी, आणि तीच मुलाने वर्षभर काय वाचावं याचं प्रमाण म्हणून पुढे ठेवली गेली. कागदावर ही उडी लहान दिसते. माझ्या मते साऱ्या घोळाची सुरुवात तिथेच आहे.

तक्त्याला तळटीप होती. ही टक्केवारी शाळेतल्या सगळ्या विषयांच्या वाचनाची आहे, फक्त इंग्रजीच्या तासाची नाही, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर आठवीचं विज्ञान आणि समाजशास्त्र मिळूनच ५५ टक्क्यांचा मोठा वाटा उचलतात आणि इंग्रजीचा तास बहुतांशी साहित्याला मोकळा राहतो. मानकांचे समर्थक म्हणूनच म्हणत आले, की दोष शाळांच्या वाचण्यात आहे.

हा बचाव अर्धाच खरा आहे. विज्ञानाच्या शिक्षकाने किती पानं वाचून घेतली हे कोणी तपासत नव्हतं. वाचनाचे गुण मात्र इंग्रजीच्या शिक्षकाच्या नावावर जमा होत होते, आणि त्याच सुमारास बऱ्याच राज्यांनी ते गुण शिक्षकांच्या मूल्यमापनालाही जोडले. मग त्याने ५५ टक्के आपल्याच डोक्यावर घेतले, यात नवल काय? त्यात साहित्यासोबत भाषणं, निबंध, आठवणी अशा ललितेतर गद्यालाही इंग्रजीच्या तासात जागा द्या, असं मानकंच सांगत होती. तेही अवास्तव नव्हतं, पण वेळापत्रकात जागा करायची तर काहीतरी काढावं लागतं, आणि सगळ्यात जास्त तास खाणारी गोष्ट कादंबरी होती. मानकांवर आधारित चाचणी तयार करणाऱ्या एका राज्यगटाच्या आराखड्यात तर दर तिमाहीला एक दीर्घ कृती आणि तीन ते पाच छोटे मजकूर सुचवले होते. म्हणजे वर्षाला चार दीर्घ कृती! पण पाठ्यपुस्तकं आली ती मुख्यतः उताऱ्यांचीच.

मोजमापाचा हट्ट इथेही आड आला. मजकूर वाचायला किती अवघड आहे हे आकड्यात सांगणारं लेक्साइल नावाचं माप आहे; सहावी ते आठवीसाठी त्याची ९२५ ते ११८५ अशी पट्टी ठरली. ही मोजणी वाक्यांची लांबी आणि शब्दांची दुर्मिळता बघते, आशय बघत नाही. महामंदीवरची १९३९ ची एक नावाजलेली कादंबरी या हिशेबाने दुसरी-तिसरीच्या पट्टीत पडते, हे मानकांच्याच परिशिष्टात उदाहरण म्हणून नोंदलेलं आहे. निवाडा शिक्षकानेही करावा, असंही तिथे म्हटलं होतं. पुस्तकांची खरेदी करताना मात्र आकडा बघणं सोपं जातं.

एप्रिल २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आठवीच्या चाचणीत अननस आणि सशाच्या शर्यतीचा उतारा आला. मूळ मजकूर एका विनोदी कादंबरीतला, आणि तिथे अननस नव्हे, वांगं होतं. चाचणीसाठी तो बदलला, आणि सगळ्यात शहाणा प्राणी कोणता, प्राण्यांनी अननस का खाल्ला, असे प्रश्न विचारले. मुलं गोंधळली, पालक संतापले. शेवटी राज्याने त्या उताऱ्यावरचे प्रश्न गुणांतून वगळले. खुद्द लेखकाने उतारा निरर्थक असल्याचं सांगितलं. कादंबरीतला मुद्दाम केलेला खुळेपणा संदर्भातून उपटून त्याखाली एकच बरोबर उत्तर लावायचं म्हटलं तर दुसरं काय होणार होतं?

डिसेंबर २०१५ च्या कायद्याने १०० टक्क्यांचं उद्दिष्ट काढलं, शिक्षकांच्या मूल्यमापनाची केंद्राची सक्तीही संपवली. तिसरी ते आठवीच्या वार्षिक चाचण्या तशाच राहिल्या. २०२२ मध्ये १९११ च्या त्याच शिक्षक संघटनेने, पुस्तकवाचन आणि निबंधलेखन हेच इंग्रजीच्या अभ्यासाचं शिखर मानणं सोडावं, अशी भूमिका घेतली. डिजिटल माध्यमांच्या बाजूने ती होती, तरी अख्ख्या कादंबरीच्या पाठीराख्यांना ती चांगलीच झोंबली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय पाहणीत जवळपास रोज आवडीने वाचणारी १३ वर्षांची मुलं १४ टक्के निघाली. २०१२ मध्ये ती २७ टक्के होती. फोन आणि महामारीचा काळ मधे असल्याने हा दोष एकट्या चाचण्यांवर टाकता येत नाही, पण टाकणारे टाकतात. दरम्यान महाविद्यालय प्रवेश परीक्षेच्या तयारीची आठवी-नववीसाठीची चाचणीही डिजिटल झाली. तिच्यातला उतारा आता २५ ते १५० शब्दांचा असतो आणि त्यावर प्रश्न एकच.

उलट दिशेचा प्रयत्न लुइझियानाने केला. मुलांनी वर्गात वाचलेल्या पुस्तकांवरच चाचणी बेतण्यासाठी या राज्याला २०१८ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. २०१५ च्या कायद्यात अशा प्रयोगांना आरंभी सात राज्यांपर्यंत मुभा होती, पण जास्तीचा निधी नव्हता. शिवाय नव्या चाचणीचे गुण जुन्या चाचणीच्या गुणांशी तुलना करता येतील असेच हवेत, ही अट होती. वर्गात वाचलेल्या पुस्तकावरचे गुण कधीच न पाहिलेल्या उताऱ्यावरच्या गुणांशी जुळवून दाखवायचे, असा त्याचा अर्थ.