गारगोटीचं अरण्य

आमच्या घरी वाघोलीच्या खाणीतला एक दगड आहे. बाहेरून नेहमीचा काळा पाषाण, पण फुटलेल्या बाजूने आतली पोकळी दिसते आणि तिच्यात स्फटिक चमचमतात. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून अशा पोकळ्या राहिल्या आणि पुढे खनिजं विरघळलेलं पाणी झिरपून त्यांत स्फटिक धरले. मुलांकडे अमेरिकेला जाणारे बरेच पुणेकर ग्रँड कॅन्यन बघून परततात. त्याच ॲरिझोना राज्यातलं पेट्रिफाइड फॉरेस्ट, म्हणजे दगड झालेल्या झाडांचं अरण्य, हे राष्ट्रीय उद्यान मात्र राहून जातं. ते समजून घ्यायला हा दगड उपयोगी पडतो, कारण तिथेही काम पाण्यानेच केलं आहे, फक्त पोकळीऐवजी झाडाच्या खोडात.

आज वाळवंट असलेला हा प्रदेश २१ कोटींहून जास्त वर्षांपूर्वी विषुववृत्ताजवळ होता. नद्या होत्या, उंच सूचिपर्णी झाडं होती. पुरात वाहून आलेली खोडं गाळात गाडली गेली आणि हवा न लागल्याने लवकर कुजली नाहीत. ज्वालामुखीच्या राखेतली सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य, भूजलात विरघळून खोडांत शिरली आणि हळूहळू लाकडाच्या जागी क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, तयार झाली. लाल-पिवळे रंग लोहाचे. क्वार्ट्झ कठीण असलं तरी ठिसूळ असतं, त्यामुळे जमीन उचलली जाताना खोडं आडवी तडकली. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये करवतीने कापलेले ओंडके पडलेले असतात ना, अगदी तशी ती दिसतात.

माणसाने हे दगड पूर्वीपासून वापरले. प्यूब्लो या तिथल्या मूळ रहिवाशांनी सुमारे सातशे वर्षांपूर्वी याच तुकड्यांनी बांधलेलं एक घर ॲगेट हाउस या नावाने बघायला मिळतं. खरी लूट सुरू झाली ती १८८० च्या दशकात रेल्वे आल्यावर. आतल्या जांभळ्या स्फटिकांसाठी लोकांनी ओंडके सुरुंगाने फोडले, आणि घासकामाची पूड करण्यासाठी दगड भरडायची गिरणीसुद्धा उभारली. हे वाचताना मला आजही हळहळ वाटते. १८९५ मध्ये ॲरिझोनाच्या विधिमंडळाने संरक्षणासाठी अमेरिकी काँग्रेसला साकडं घातलं. निसर्गप्रेमी जॉन म्यूर १९०५-०६ मध्ये या भागात राहून जीवाश्म धुंडाळत होते. अखेर ८ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी याला राष्ट्रीय स्मारक घोषित केलं. राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९६२ चा.

फिरायला जाताना हा इतिहास बरोबर असू द्या. ब्लू मेसाची सुमारे दीड किलोमीटरची वाट निळसर-जांभळ्या मातीच्या टेकड्यांमधून उतरते. सगळ्यात देखणी तीच. क्रिस्टल फॉरेस्टची वाट सपाट आणि सोपी आहे, पण ज्या स्फटिकांवरून तिला नाव पडलं, ते बरेचसे लुटले गेलेत. सावली जवळजवळ नाही, तेव्हा पाणी भरपूर घ्या. रात्री फाटक बंद होतं.

आणि खडासुद्धा उचलू नका. आठवण हवीच असेल, तर बाहेर होलब्रूक गावात खासगी जमिनीतले दगड रीतसर विकत मिळतात. पूर्वी उचलून नेलेले दगड माफीच्या पत्रासह टपालाने परत पाठवणारे लोकही आहेत. पण तो तुकडा नेमका कुठला हे कळायला मार्ग नसतो, आणि चुकीच्या जागी ठेवला तर संशोधकांची दिशाभूल होते. म्हणून परत आलेले दगड एका बाजूला ढीग करून ठेवले आहेत.