ओरखड्यांची उतरंड

2019 आणि 2021 च्या महापुरांत सांगलीतल्या कितीतरी मोटारी पाण्यात उभ्या होत्या. अशा गाडीचे इंजिन खोलून, गाळ काढून, तेल बदलून पुन्हा चालू करता येते. पण इंजिनाच्या डोक्यावरचे ॲल्युमिनियमचे टॅपेट कव्हर पूर्वीसारखे दिसत नाही. त्यावर पांढरी भुकटी धरलेली असते आणि ती खरवडली की खाली बारीक खड्डे दिसतात. हेच कव्हर घरच्या घरी, कुठलेही यंत्र न वापरता, पॉलिश पेपर, पाणी आणि सुती फडके यांच्या जोरावर चकचकीत करता येते. काम चिकाटीचे आहे. मात्र त्या चिकाटीमागे पदार्थविज्ञानाचा एक सुंदर नियम आहे आणि तो समजला की हाताचे श्रम निम्मे वाया जात नाहीत.

ॲल्युमिनियम उघड्या हवेत आले की त्यावर क्षणार्धात ऑक्साइडचा काही नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचा पारदर्शक थर तयार होतो आणि तोच त्याला गंजापासून वाचवतो. ओला गाळ दीर्घकाळ चिकटून राहिला, त्याखाली ऑक्सिजन पोहोचेनासा झाला आणि पाण्यातले क्लोराइडचे क्षार तिथे साठले, तर हा थर ठिकठिकाणी फुटतो व दुरुस्त होत नाही. पोलादी बोल्टच्या शेजारी तर ही झीज अधिक वेगाने होते. पांढरी भुकटी म्हणजे या झिजेतून बनलेले ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड आणि ऑक्साइड होय. ती काढण्यासाठी कॉस्टिक सोडा किंवा संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही वापरू नये. ही दोन्ही द्रव्ये भुकटीबरोबर खालचा धातूही खातात, त्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू सुटतो आणि पृष्ठभाग अधिकच खडबडीत होतो. तेलाचा राप डिझेलने व नंतर भांडी घासण्याच्या साबणाने काढणे पुरेसे आहे.

आता मुख्य कामाकडे येऊ. पॉलिश पेपरच्या पाठीवर 120, 220, 400, 1000 असे आकडे छापलेले असतात. मुळात हा आकडा चाळणीच्या एका इंचात किती भोके आहेत यावरून आला, त्यामुळे आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक. युरोपीय प्रमाणाप्रमाणे 120 नंबरच्या पेपरवरचा दाणा सरासरी 125 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), 220 चा सुमारे 68 मायक्रॉनचा म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास, 400 चा 35 आणि 2000 चा सुमारे 10 मायक्रॉनचा असतो. काळसर वॉटर पेपरवरचे दाणे सिलिकॉन कार्बाइडचे असतात. अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन यांना 1891 च्या सुमारास कृत्रिम हिरा बनवण्याच्या खटपटीत हा पदार्थ गवसला. मोहच्या एक ते दहाच्या काठिण्यश्रेणीत त्याचा क्रमांक नऊच्या पुढे आहे, तर ॲल्युमिनियम तीनच्याही खाली आहे. त्यामुळे प्रत्येक दाणा धातूत टोक रुतवून पुढे सरकतो आणि मागे एक चर सोडतो.

म्हणजे पेपर घासताना आपण ओरखडे पुसत नसतो, तर नवे ओरखडे पाडत असतो. 220 चा पेपर गंजाच्या खड्ड्यांच्या तळापर्यंतचा धातू काढून टाकतो आणि त्या जागी स्वतःचे चर कोरतो. 400 चा पेपर ते चर संपेपर्यंत धातू काढतो आणि स्वतःचे, त्याहून उथळ, चर ठेवून जातो. अशी ही मोठ्यापासून लहानाकडे जाणारी ओरखड्यांची उतरंड आहे, आणि तिच्यातली एखादी पायरी गाळली तर पुढच्या बारीक पेपरला मागच्या खोल चरांच्या तळाशी पोहोचायला इतका वेळ लागतो की माणूस कंटाळून थांबतो. 220 नंतर थेट 1000 घेतल्यास उंचवटे चमकतात आणि चर तसेच राहतात. अशा कव्हरवर झळाळीखाली रेघांचे जाळे दिसते.

यावर कारागिरांचा साधा उपाय असा, की प्रत्येक नव्या नंबरला घासण्याची दिशा काटकोनात बदलायची. 400 ने आडवे घासले असेल तर 600 ने उभे घासावे आणि मोबाइलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरका उजेड पाडावा. एकही आडवी रेघ उरली नसेल तेव्हाच पुढे जावे. सपाट भागावर पेपरमागे लाकडी किंवा रबरी ठोकळा हवाच, कारण नुसत्या बोटांनी घासल्यास बोटांच्या दाबाखाली पन्हळी पडतात आणि त्या पुढे कितीही घासले तरी प्रतिबिंब वाकडे करतात. उठावाच्या अक्षरांमधल्या बोळकांड्यांत आइस्क्रीमच्या काडीला पेपर गुंडाळून काम करावे लागते. माझ्या मते सगळ्यात जास्त संयम तिथेच लागतो. मऊ ॲल्युमिनियमचा कीस दाण्यांमध्ये अडकून पेपर पटकन भरतो, म्हणून पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून ओलेच घासावे. त्यामुळे ॲल्युमिनियमची धूळ हवेत उडत नाही, हेही महत्त्वाचे, कारण बारीक कोरडी धूळ पेट घेऊ शकते. ओला कीस मात्र झाकणबंद डब्यात भरून ठेवू नये. पाण्याशी त्याची सावकाश अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटत राहतो.

ही उतरंड संपते कुठे, याचे उत्तर प्रकाशाकडे आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर असते. पृष्ठभागावरचा उंचसखलपणा तरंगलांबीच्या एक अष्टमांशाहून कमी झाला की समोरून पडणाऱ्या प्रकाशाला तो पृष्ठभाग जवळपास गुळगुळीत वाटतो, ही लॉर्ड रेली यांच्या नावाने ओळखली जाणारी कसोटी आहे. म्हणजे मर्यादा 50 ते 90 नॅनोमीटरची, केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाची. त्याहून मोठे चर प्रकाश सर्व दिशांना विखुरतात आणि कव्हर दुधाळ दिसते. याच कसोटीत कोनालाही महत्त्व आहे: प्रकाश जितका तिरका पडेल तितका जास्त खडबडीतपणा चालून जातो. 600 चा पेपर झालेले कव्हर समोरून पाहिले तर करडे दिसते, पण तेच डोळ्यांच्या पातळीला आडवे धरून ट्यूबलाइटकडे पाहिले तर त्यात नळीचे अंधुक प्रतिबिंब उमटते. हा प्रयोग प्रत्येकाने जरूर करून पाहावा.

2000 नंतर पेपर संपतो आणि फडक्यावरचे पॉलिशिंग कंपाउंड, म्हणजे अतिशय बारीक दाण्यांची पेस्ट, सुरू होते. इथे नेमके काय घडते यावर शास्त्रज्ञांत बराच काळ मतभेद होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बिल्बी यांनी असे मांडले की घासताना धातूचा वरचा पातळ थर वाहतो आणि खाचा भरून टाकतो. 1937 साली केंब्रिजच्या बाउडन आणि ह्यूज यांनी घर्षणाने ठिकठिकाणी धातू वितळण्याइतकी उष्णता निर्माण होते, असे दाखवून या मताला बळ दिले. पुढे ऑस्ट्रेलियाचे धातुशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅम्युअल्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काळजीपूर्वक पाहून दाखवले की धातूच्या पॉलिशिंगमध्ये बहुतांशी बारीक कापणेच चालू असते. फडक्यात रुतलेला दाणा दाबाखाली थोडा मागे सरतो, म्हणून चर अत्यंत उथळ पडतो, इतकेच. फडका काळा होतो तो मळामुळे नव्हे. धातूचे कण इतके बारीक असतात की प्रकाश त्यांच्यातच अडकून राहतो.

तरीही ओतीव कव्हर शुद्ध ॲल्युमिनियमइतके शुभ्र होत नाही. ओतकामासाठीच्या मिश्रधातूत बहुधा 7 ते 12 टक्के सिलिकॉन असते, त्याचे कठीण कण उंचवट्यासारखे मागे राहतात आणि शुद्ध ॲल्युमिनियम सुमारे 90 टक्के प्रकाश परत पाठवत असताना सिलिकॉन जेमतेम एक तृतीयांश पाठवते. ती किंचित करडी झाक धातूचीच आहे, ती घालवण्यासाठी आणखी घासत बसू नये.

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या भोपळ्याची झळाळी वेगळ्या मार्गाने येते. तिथे लाखेचे पातळ हात देत रंध्रे भरली जातात. धातूवर मात्र काहीच भरले जात नाही, नुसते काढले जाते. त्यामुळे इंजिनाचा कुठला भाग पॉलिश करू नये, हा प्रश्न गंभीर होतो. कव्हरचे पॅकिंग, म्हणजे तेल अडवणारी पट्टी, बसते ती कड हाताने घासली तर तिची सपाटी जाते आणि तेल पाझरू लागते. सिलिंडरच्या बोअरवर, म्हणजे पिस्टन सरकतो त्या आतल्या भिंतीवर, तर मुद्दाम ओरखडे पाडलेले असतात: हॉनिंग करताना साधारण 45 ते 60 अंशांत एकमेकांना छेदणाऱ्या रेघा कोरतात आणि त्यांच्यात तेल टिकून राहते. तो बोअर आरशासारखा केला तर रिंगांखाली तेलाचा थर धरत नाही आणि त्या लवकर झिजतात. इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा शिरण्याच्या, वाटेबद्दलही ती जितकी गुळगुळीत तितकी चांगली असा गैरसमज आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात वसवलेल्या किर्लोस्करवाडीत आजही पंप बनतात, आणि पंपाच्या पंख्यावर गुळगुळीतपणा पाण्याचे घर्षण कमी करतो हे खरेच. पण ज्या पेट्रोल इंजिनात इंधन वाटेतच हवेत मिसळते, तिथे फार गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचा ओघळ धरतो, म्हणून थोडा खरखरीतपणा राहू द्यावा लागतो.

एक काळजी सगळ्यांत मोठी आहे. कव्हर पुन्हा बसवण्यापूर्वी त्याची आतली बाजू, बोल्टची भोके आणि तेलाच्या वाफेची नळी बसते ती जागा साबणाच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली पाहिजे, कारण सिलिकॉन कार्बाइडचा एखादा दाणा तेलात मिसळला तर जे काम तो कव्हरवर करत होता तेच काम कॅमशाफ्टवर आणि बेअरिंगवर करू लागतो. आतून पांढरा फडका फिरवावा, आणि त्यावर करडा डाग उमटेनासा झाला की मगच नवे पॅकिंग घालून बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने आवळावेत.