कंबरेचं हाड मोडल्यावर किती दिवस झोपून राहायचं?

सत्तरीनंतर हाडं विरळ झालेली असली, तर उभ्या जागी तोल जाऊन पडणंही कंबरेचं हाड मोडायला पुरतं. एक्स-रेत खुबा शाबूत दिसतो, म्हणून ‘फक्त मुका मार आहे’ असं समजून रुग्णाला घरी आणलं जातं. पण पाय टेकवला की जांघेत कळ येते. अशा वेळी श्रोणीची शंका घ्यायलाच हवी.

श्रोणी म्हणजे कंबरेखालचं हाडांचं कडं. पुढे जघनास्थी, मागे मणक्याच्या बुडाशी त्रिकास्थी. कडं एका जागी तुटलं की बरेचदा दुसरीकडेही तडा जातो. पुढची मोड एक्स-रेत दिसते. मागचा तडा मात्र विरळ हाडात आणि आतड्यांच्या सावलीत हमखास लपतो. कंबरेच्या खाली मागच्या बाजूला दाबल्यावर दुखत असेल, तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करायला हवा. रॉमेन्स आणि हॉफमन या डॉक्टरांनी 2013 साली या फ्रॅक्चरचे चार प्रकार पाडले, ते कडं किती अस्थिर झालंय यावरूनच. हाडं सरकली असतील तर स्क्रू घालावे लागतात. नुसती पुढची मोड सहसा शस्त्रक्रियेशिवाय जुळते. त्याला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात.

तेवढे आठवडे झोपून काढायचे? अजिबात नाही. हे मी ठासून सांगतो, कारण घरच्यांची मायाच इथे आडवी येते. ‘हलू नका, आम्ही आहोत ना’ म्हणत रुग्णाला अंथरुणाला खिळवलं जातं, आणि मग पायात रक्ताच्या गाठी, न्यूमोनिया, पाठीला जखमा अशी रांग लागते. निरोगी वृद्धांना दहा दिवस झोपवून ठेवलं, तरी पायांचे स्नायू लक्षणीय घटतात. मोडलेल्या हाडाहून हे नुकसान भरून काढणं अवघड.

डॉक्टरांनी वजन टाकायला परवानगी दिली की पहिल्या एक-दोन दिवसांतच उठवावं. वेदनाशामक गोळी अर्धा-पाऊण तास आधी द्यावी. गुडघे वाकवून कुशीवर वळायचं, दोन्ही पाय एकदम पलंगाखाली सोडायचे आणि कोपरावर जोर देऊन बसायचं. लगेच उभं राहायचं नाही. रक्तदाब उतरून चक्कर येते. मग आधी वॉकर पुढे, त्यामागे दुखरा पाय, भार हातांवर घेऊन शेवटी चांगला पाय. पहिल्या दिवशी खुर्चीपर्यंत गेलं तरी खूप झालं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुरुवातीला हिमोग्लोबिनवर नजर हवी, कारण आत रक्तस्राव होऊ शकतो. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठता होते, कधी रुग्ण भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. तसं झालं तर लगेच डॉक्टरांना कळवावं.

इतक्या साध्या पडण्याने हाड मोडलं, म्हणजे ते ठिसूळ आहे. तरीही फ्रॅक्चर जुळलं की उपचार थांबतात, याची मला फार खंत वाटते. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडं बळकट करणारी औषधं यांबद्दल डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. आणि दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, तर पुन्हा स्कॅन करून घ्यावा. सुरुवातीला स्थिर असलेला तडा पुढे वाढलेला असू शकतो.