घोरणं, बीपी आणि मास्कचा वाद

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत, बहुतेकदा घसा आवळून, श्वास पुन्हा पुन्हा अडकणं; घोरणं ही त्याची खूण, आणि घरटी एक घोरणारा असतोयच. त्यात आपल्या कोल्हापुरात घोरणं म्हणजे तब्येतीची पावती समजतात, तालमीतनं बाहेर पडलेल्या पैलवानाची मेहनत सुटते पण मटण सुटत नाही, मग मान 17 इंचाच्या वर जाते आणि तीच मान डॉक्टर टेपनं मोजून बघतात, कारण जाड मान ही पण या त्रासाची खूण.

झोपेत श्वास अडकतो हे युरोपात 1965 ला मशीनवर नोंदलं गेलं. त्यानंतर कितीतरी वर्षं उपाय काय, तर श्वासासाठी गळ्याला भोक. हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारा, नाकावर लावायचा मास्क आला 1981 ला, ऑस्ट्रेलियात. हार्टशी संबंध पक्का होत गेला तो बीपीवरनं, 2000 च्या अमेरिकेतल्या अभ्यासात ज्यांचा श्वास तासाला 15 किंवा जास्त वेळा अडकत होता त्यांना चार वर्षांनी बीपी असण्याची शक्यता जवळपास तिप्पट निघाली.

मग 2016 चा गाजलेला ट्रायल, म्हणजे पेशंटवरची उपचाराची चाचणी. आधीच हार्टचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असलेले 2700 च्या वर पेशंट, निम्म्यांना मास्क, निम्म्यांना नाही, सरासरी पावणेचार वर्षं बघितलं आणि अटॅक, स्ट्रोक दोन्हीकडं सारखेच. झालं, मास्कचा हार्टला उपयोग नाही म्हणून बोंब उठली. पण लोकांनी मास्क घातला किती, तर रात्री सरासरी 3.3 तास! दोन वाजता पट्टा टोचतोय, नाकावर वळ उठलाय म्हणून काढून उशाला ठेवला की पहाटेची स्वप्नांची झोप सगळी मास्कशिवाय, आणि श्वास जास्त अडकतो तो नेमका त्याच झोपेत. शिवाय दिवसा फार पेंगणारे, म्हणजे ज्यांना मास्कची गरज जास्त, असे लोक ट्रायलमध्ये घेतलेच नव्हते. आता नेमानं मास्क घालणारा माणूस गोळ्याही नेमानं घेतो, त्यामुळं त्याला फायदा दिसला तरी तो नक्की कशाचा हा उलटा सवाल पण रास्त आहे, तरी मला विचाराल तर त्या ट्रायलनं मास्क नापास झाला असं म्हणणं काय पटत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी वेगळाच झटका बसलेला, हार्टचं पंपिंग कमी आणि मेंदूकडनंच श्वासाचा सिग्नल चुकतोय अशा पेशंटना आपोआप दाब बदलणारं मशीन लावलं तर हार्टमुळं होणारे मृत्यू वाढले. अशा पेशंटना सरसकट ते मशीन लावायचं बंद झालं ते तिथनं.

2024 च्या डिसेंबरात अमेरिकेत वजन उतरवणाऱ्या एका इंजेक्शनला लठ्ठ पेशंटच्या अ‍ॅप्नियासाठी मंजुरी मिळाली, ती पण श्वास अडकायचा आकडा खाली येतो एवढ्यावर, अटॅक टळतात यावर नव्हे.