माउंटन बाइकचे वन-बाय रूपांतरण

पेडलजवळच्या दोन-तीन चेनरिंग (चेन ओढणाऱ्या दातेरी चकत्या), पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग), डावा शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची कळ) आणि त्याची केबल काढून पुढे एकच चेनरिंग ठेवणे म्हणजे वन-बाय रूपांतरण. गिअर बदलण्याचे सगळे काम मग कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, करते. उतारासाठीच्या डाउनहिल बाइकवर चेन गाइडसह (चेन पडू न देणारी चौकट) एकच रिंग आधीपासून असे. पण २०१२ साली स्रॅम कंपनीने एक्सएक्स१ हा ११ गिअरचा, १०-४२ कॅसेटचा (सर्वांत लहान चकतीला १०, सर्वांत मोठीला ४२ दात) संच आणला आणि ट्रेल बाइकवरही ही रचना रूढ झाली.

पुढच्या डिरेलरचा पिंजरा नकळत चेन जागेवर ठेवायचेही काम करत असतो. तो गेल्यावर हे काम दोन भाग सांभाळतात. पहिला नॅरो-वाइड चेनरिंग. चेनच्या आतल्या कडीची पोकळी अरुंद, बाहेरच्या कडीची रुंद असते. म्हणून या रिंगचे दात आळीपाळीने अरुंद आणि रुंद कापतात. दातांची संख्या त्यामुळे नेहमी समच असते. दुसरा भाग क्लच, म्हणजे पिंजऱ्याची हालचाल रोखणारी घर्षणयंत्रणा, असलेला मागचा डिरेलर. खडकाळ उतारावर त्याचा पिंजरा पुढे झुलत नाही आणि चेन ताणलेली राहते. जुन्या क्रँकवरची (पेडलच्या दांड्या आणि रिंग धरणारा भाग) मधली रिंग तेवढी ठेवून भागवायचा मोह होतो, पण त्या रिंगचे दात चेन सहज सुटून शेजारी जावी म्हणूनच आखूड घडवलेले असतात. पहिल्याच खडबडीत उतारावर चेन पडते.

खरा निर्णय मात्र मागच्या चाकावर होतो. पुढचे दात भागिले कॅसेटचे सर्वांत मोठे दात, हा सर्वांत हलका गिअर. २२ ची छोटी रिंग आणि ११-३४ कॅसेट असेल तर तो ०.६५ येतो. पुढे ३२ लावून कॅसेट तशीच ठेवली तर ०.९४ होतो आणि उभ्या चढावर बाइक ढकलत न्यावी लागते. ३२ ला ११-४२ दिली तर ०.७६, ११-४६ दिली तर ०.७०. पुढे ३० आणि मागे ४६ घेतले की जुना ०.६५ जसाच्या तसा परत मिळतो. किंमत मोजावी लागते ती वरच्या टोकाला: जुन्या ४४ च्या मोठ्या रिंगचे ४४/११ म्हणजे ४.० जाऊन ३०/११ चे २.७ उरते. २९ इंची चाकावर मिनिटाला ९० फेऱ्यांनी पेडल मारले तर ताशी सुमारे ३४ किमी. ट्रेलवर एवढे पुरते, लांब सपाट डांबरी रस्त्यावर पाय रिकामे फिरू लागतात. रिंग निवडताना चढाचा विचार आधी करावा.

११ दातांपासून सुरू होणारी माउंटन कॅसेट जुन्या एचजी प्रकारच्या फ्रीहबवर (मागच्या हबचा कॅसेट बसवायचा भाग) बसते. १० दातांची हवी असेल तर एक्सडी किंवा मायक्रो स्प्लाइन प्रकारचा फ्रीहब लागतो, आणि तो प्रत्येक हबला मिळत नाही. डिरेलर किती मोठी चकती झेलतो हेही आधी पाहावे. ३६ साठी बनवलेल्याला ४२ वर नेताना बी-स्क्रू (डिरेलर चकतीपासून दूर ठेवणारा) पूर्ण आवळूनही डिरेलरची वरची पुली चकतीला घासत असेल तर हँगर (फ्रेमचा डिरेलर टांगायचा भाग) लांबवणारी पट्टी लावता येते; ४६ साठी डिरेलरच बदललेला बरा. शिफ्टर आणि डिरेलर एकाच घराण्याचे हवेत. शिमानोच्या ९ आणि १० गिअरच्या माउंटन संचांत केबलची ओढ वेगळी असल्याने त्यांची अदलाबदल जमत नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी क्रँक तपासावा. स्वस्त क्रँकवर रिंग रिव्हेटने ठोकलेल्या असतात. तिथे अख्खा क्रँकच बदलावा लागतो. बोल्टच्या क्रँकवर बोल्टच्या वर्तुळाचा सर्वसाधारण व्यास १०४ मिमी, चार बोल्ट. या मापात सहसा ३२ पर्यंतच उतरता येते. ३० साठी बोल्टचे आटे रिंगमध्येच पाडलेली रिंग घ्यावी लागते. नवी रिंग क्रँकच्या रिंग धरणाऱ्या हातांच्या आतल्या बाजूला, मधल्या रिंगच्या जागी बसवतात. इथे बोल्ट दगा देतात. जुने बोल्ट दोन रिंगांच्या जाडीचे असतात, त्यामुळे ते पूर्ण आवळले तरी रिंग हलतच राहते. एका रिंगचे आखूड बोल्ट घ्यावेत किंवा वॉशर घालावेत. आट्यांना ग्रीस लावून ॲल्युमिनियमचे बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटरला समोरासमोरच्या जोडीने आवळावेत.

पुढचा डिरेलर बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा धुरा फिरतो ते बेअरिंग) कपामागे दाबलेल्या पट्टीवर असेल तर ती पट्टी काढल्यावर तिथे २.५ मिमीचा स्पेसर घालायला विसरू नये. नाहीतर उजवा क्रँक तेवढा आत येतो आणि रिंग चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) घासू शकते.

चेनची लांबी ठरवताना ती डिरेलरमधून न नेता पुढची रिंग आणि मागची सर्वांत मोठी चकती यांवरून गुंडाळतात. टोके जुळतात तिथून एक आतली आणि एक बाहेरची कडी जास्त ठेवून कापतात. मागे सस्पेन्शन असेल तर शॉकमधली हवा सोडून, चाक वर पूर्ण दाबून हे माप घ्यावे. उभ्या बाइकवर कापलेली चेन मोठ्या धक्क्यात अपुरी पडून डिरेलर उपटते. चढवताना रुंद दात बाहेरच्या कडीतच पडले आहेत ना, हे डोळ्यांनी पाहावे. एका दाताने चुकले तर चेन दातांच्या टोकांवर चढून बसलेली दिसते.

सर्वांत हलक्या गिअरवर पेडल उलटे फिरवले की चेन मोठ्या चकतीवरून खाली उतरते, ही नेहमीची तक्रार. बहुतेकदा कारण चेनलाइनचे असते: रिंग फार बाहेर आहे. चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून दातांपर्यंतचे अंतर, १३५ किंवा १४२ मिमी हबला ४९ मिमीच्या आसपास, बूस्ट या रुंद १४८ मिमी हबला ५२ मिमी धरतात. आत सरकवायला वेगळ्या ऑफसेटची (दात अधिक आत वळलेली) रिंग किंवा स्पेसर. चौकोनी धुऱ्याच्या बॉटम ब्रॅकेटला आखूड धुरा. सरकवल्यावर रिंग आणि चेनस्टेमध्ये ३ मिमी तरी फट हवी. क्लच नसलेला जुना डिरेलर ठेवायचा असेल तर वरचा चेन गाइड लावावा.

वजन काहीशे ग्रॅमनी घटते, पण त्यातले बरेचसे मोठी कॅसेट परत घेते. सगळा भार एकाच रिंगवर आल्याने ती लवकर झिजते, लहान असेल तर अधिकच. रुंद दात पातळ झाले की क्लच ठीक असूनही चेन पडू लागते. तेव्हा रिंग बदलावी, आणि चेनही ताणली गेली आहे का ते मोजावे.