जावा ॲपलेटमध्ये चित्र न दिसणे

जावा ॲपलेटमध्ये चित्र न दिसणे : वेबपानातल्या चौकटीत चालणारा छोटा जावा प्रोग्रॅम म्हणजे ॲपलेट. ॲपलेट सुरू होतो, बटणे दिसतात, अक्षरे उमटतात, पण चित्राची जागा कोरी राहते. असा दोष का येतो आणि तो कसा शोधावा, याची ही नोंद आहे. खिडकीच्या तळाशी ‘ॲपलेट नॉट इनिशियलाइझ्ड’ असे शब्द आले तर तो प्रश्न वेगळा. तेव्हा क्लास फाइल (कोडपासून तयार झालेला, चालवता येणारा प्रोग्रॅम) सापडलेलीच नसते किंवा इनिट ही सुरुवातीची तयारी करणारी मेथड (नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा) मध्येच कोसळलेली असते, आणि चित्राची पाळी आलेलीच नसते.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा जाहीर केली. स्थिर वेबपानांच्या त्या दिवसांत पानावर चित्र हलवून दाखवणे हे ॲपलेटचे मुख्य आकर्षण होते. कोलांट्या मारणारा ड्यूक, म्हणजे जावाचा शुभंकर, तेव्हा प्रात्यक्षिकात मिरवत असे. नागपुरात बीसीए, बीसीसीए, एमसीए किंवा अभियांत्रिकी करताना जावा शिकलेल्यांना ॲपलेट भेटला तो मात्र ब्राउझरपेक्षा ॲपलेटव्ह्यूअरमध्ये, म्हणजे ब्राउझरशिवाय ॲपलेट दाखवणाऱ्या साधनात. जावा फाइलच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये ॲपलेट टॅग (ॲपलेटचे नाव, रुंदी आणि उंची सांगणारी एचटीएमएल खूण) लिहायचा, जावासी हा कंपायलर चालवायचा, मग ॲपलेटव्ह्यूअर चालवायचा, अशी ती पद्धत. पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम लॅबमध्ये उतरवला की ‘सर, घरी तं दिसत होता फोटो!’ हे वाक्य ठरलेले. तक्रार बहुधा खरीच असते, कारण दोष प्रोग्रॅमपेक्षा त्याच्या भोवतालच्या फोल्डरांत असतो.

हा दोष इतका छळतो, याचे कारण जावाच्या रचनेत आहे. गेटइमेज ही मेथड चित्र आणत नाही. ती लगेच परत येते आणि हाती पडतो तो फक्त पत्ता लिहिलेला कागद. त्या पत्त्यावर फाइल आहे की नाही, हेही तिने पाहिलेले नसते. प्रत्यक्ष चित्र आणण्याचे काम ड्रॉइमेज या चित्र रंगवणाऱ्या मेथडने ते पहिल्यांदा मागितले की सुरू होते, तेही मागच्या बाजूला, वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामात. मोडेमच्या काळात हे शहाणपणाचे होते, कारण चित्र रखडले तरी पान अडकत नसे. पण त्यामुळे फाइल सापडली नाही तरी एक्सेप्शन (चूक झाल्याची सूचना) येत नाही, प्रोग्रॅम थांबत नाही, कुठे लाल अक्षर उमटत नाही. म्हणून निदानाची पहिली पायरी म्हणजे या गप्प बसलेल्या प्रोग्रॅमला बोलते करणे.

त्यासाठी मीडियाट्रॅकर हा क्लास आहे. त्यात चित्र नोंदवून वेटफॉरआयडी बोलावले की लोडिंग सुरू होते आणि ते संपेपर्यंत प्रोग्रॅम थांबतो. मात्र वाट पाहणे संपले म्हणजे चित्र आले, असे नव्हे. अपयश आले तरी ही मेथड शांतपणे परतते. त्यामुळे पाठोपाठ इझएररआयडी विचारावे लागते. ते ‘ट्रू’ म्हणाले तर फाइल मिळाली नाही किंवा उलगडली नाही. ‘फॉल्स’ म्हणाले तर चित्र हाती आहे आणि चूक रंगवण्यात आहे. तपासाचे हे दोन रस्ते इथेच फुटतात, आणि हा फाटा ओळखण्याआधी कोडमध्ये हात घालणे म्हणजे निव्वळ वेळ दवडणे. घाई असेल तर वेटफॉरआयडीनंतर गेटविड्थचा आकडा छापून पाहावा. उणे एक आला तर चित्र आलेले नाही. छापलेला मजकूर ॲपलेटव्ह्यूअरमध्ये कमांड प्रॉम्प्टवर दिसतो. ब्राउझरच्या काळात तो जावा कन्सोलमध्ये जाई. विंडोजच्या टास्कबारवरच्या कॉफीच्या कपावर राइट क्लिक करून हा कन्सोल उघडत.

पत्त्याच्या चुका : गेटइमेजला पायाभूत पत्ता दोन प्रकारे देता येतो. गेटकोडबेस म्हणजे क्लास फाइल जिथून आली ती जागा, गेटडॉक्युमेंटबेस म्हणजे एचटीएमएल पान जिथे आहे ती जागा. सगळे एकाच फोल्डरमध्ये असेपर्यंत फरक पडत नाही, आणि वर्गात सगळे एकाच फोल्डरमध्ये असल्याने हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. एक्लिप्स हे प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन वापरू लागले की तो अंगावर येतो. तिथे क्लास फाइल बिन फोल्डरमध्ये तयार होते, विद्यार्थी नागपूरच्या झिरो माइल स्तंभाचा फोटो प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवतो आणि ॲपलेट तो बिनमध्ये शोधत बसतो. फोटो सोर्स फोल्डरमध्ये ठेवला तर एक्लिप्स स्वतःच त्याची प्रत बिनमध्ये टाकते. क्लास एखाद्या पॅकेजमध्ये (क्लासांच्या गटात) असेल तर कोडबेस म्हणजे पॅकेजच्या वरचे मूळ फोल्डर, हेही ध्यानात ठेवावे लागते.

या दोन्ही मेथड कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ॲपलेट तयार होतानाच चालणाऱ्या कोडमध्ये, वापरता येत नाहीत. ॲपलेटला आपल्या भोवतालची माहिती तोवर मिळालेली नसते, त्यामुळे नलपॉइंटर एक्सेप्शन येते. चित्र मागायचे ते इनिटमध्ये.

फाइलच्या नावाने फसवण्याचे दोन प्रकार विशेष आढळतात. विंडोज कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स करते. डिजिटल कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोचे एक्स्टेन्शन बरेचदा कॅपिटलमध्ये असते, कोडमध्ये ते स्मॉलमध्ये लिहिलेले असते. धरमपेठेतल्या घरच्या विंडोजवर दिसणारा फोटो कॉलेजच्या लिनक्स लॅबमध्ये गायब होतो तो इथे. जार फाइलच्या (क्लास आणि चित्रे एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याच्या) आत तर विंडोजवरही हा भेद पाळला जातो. दुसरा प्रकार जास्त खोडकर आहे. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शने मुळातच लपवून ठेवते. फोटोचे नाव बदलताना ‘दीक्षाभूमी’पुढे जेपीजी टाइप केले की खरे नाव ‘दीक्षाभूमी.जेपीजी.जेपीजी’ होते, आणि एक्स्प्लोररमध्ये मात्र ते अगदी बरोबर दिसते. कमांड प्रॉम्प्टवर डीआयआर ही फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा दिली की खरे नाव उघडे पडते.

डी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पाथ कोडमध्ये लिहिणे हा उपाय नव्हे. ॲपलेट सँडबॉक्समध्ये, म्हणजे सुरक्षेच्या कुंपणात, चालतो. बिनसहीच्या (डिजिटल सही नसलेल्या) ॲपलेटला वापरणाऱ्याच्या डिस्कवरच्या फाइली वाचता येत नाहीत आणि ज्या सर्व्हरवरून तो आला त्याखेरीज दुसऱ्या सर्व्हरशी जोडणीही करता येत नाही. इथे मात्र जावा गप्प बसत नाही, कन्सोलवर ‘ॲक्सेस डिनाइड’ असे स्पष्ट सांगते.

फाइल सापडते पण उलगडत नाही, अशीही एक स्थिती असते. सुरुवातीच्या जावाला मुख्यतः जीआयएफ आणि जेपीईजी कळत असे. पीएनजी आवृत्ती १.३ पासून आले. विंडोज एक्सपीच्या पेंटमध्ये काढलेले चित्र सहज बीएमपी म्हणून साठवले जाई, आणि नुसते एक्स्टेन्शन बदलून ते जेपीईजी होत नाही, कारण जावा फाइलच्या आतले पहिले बाइट पाहून प्रकार ठरवते. छपाईसाठी बनवलेले सीएमवायके रंगपद्धतीचे जेपीईजी जावा ८ च्या इमेजआयओ या चित्रे वाचणाऱ्या भागाला वाचता येत नाही. हल्ली वेबवरून उतरवलेले चित्र वेबपी असते. जावाच्या प्रमाणित लायब्ररीत त्याची सोय नाही.

रंगवण्याच्या चुका : यांतली सर्वांत मुरलेली चूक एका शब्दाची आहे. क्लासच्या सुरुवातीला इमेज प्रकाराचे व्हेरिएबल (मूल्य साठवायची नाव दिलेली जागा) घोषित केलेले असते आणि इनिटमध्ये त्यात चित्र भरताना पुन्हा ‘इमेज’ हा प्रकार लिहिला जातो. त्याने त्याच नावाचे नवे, फक्त इनिटपुरते व्हेरिएबल तयार होते. पेंट या पडदा रंगवणाऱ्या मेथडला दिसणारे मूळ व्हेरिएबल नलच, म्हणजे रिकामेच, राहते. ड्रॉइमेजला नल दिले तर ती तक्रार करत नाही, काहीच न रंगवता परतते. कंपायलरच्या दृष्टीनेही सगळे नियमात असते. मीडियाट्रॅकरला दिलेले चित्र नीट आले असूनही पडदा कोरा असेल तर आधी हीच ओळ पाहावी.

ड्रॉइमेजचा शेवटचा आर्ग्युमेंट म्हणजे इमेजऑब्झर्व्हर. चित्राचा नवा भाग आला की कुणाला कळवायचे, हे त्याने ठरते. तिथे ‘धिस’ ऐवजी नल लिहिले तर चित्र येऊन पडते, पण पुन्हा रंगवा असे ॲपलेटला कुणी सांगत नाही. खूण अशी, की खिडकी मिनिमाइज करून परत उघडली की चित्र अवतरते.

बाकीच्या चुका डोळ्यांनी दिसतात. चित्रानंतर रंगवलेली पार्श्वभूमी चित्र झाकते. टॅगमधली रुंदी कमी दिली तर झिरो माइलच्या चार घोड्यांतले दोनच दिसतात. दुरुस्ती करूनही जुनेच रूप दिसत असेल तर ब्राउझरमध्ये ॲपलेट चालवणाऱ्या प्लगइनचा कॅशे (साठवून ठेवलेली जुनी प्रत) संशयित. जावा कंट्रोल पॅनेलमधून तात्पुरत्या फाइली पुसल्या की तो प्रश्न मिटत असे.

सद्यस्थिती : जानेवारी २०१४ मधल्या जावा ७ अपडेट ५१ ने बिनसहीचे ॲपलेट मुळातच अडवायला सुरुवात केली. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये प्लगइनचा आधार काढला. जेडीके, म्हणजे जावाचा विकास-संच, त्याच्या ११ व्या आवृत्तीतून, म्हणजे २०१८ मध्ये, ॲपलेटव्ह्यूअरही गेला. जुने प्रॅक्टिकल चालवून पाहायचे तर जेडीके ८ सारखी जुनी आवृत्ती लागते. जुना ॲपलेट जेफ्रेमवर (स्वतंत्र खिडकीवर) आणताना गेटकोडबेस उरत नाही, त्याची जागा गेटरिसोर्स घेते. ती नाव क्लासच्या पॅकेजपासून मोजते. नावाच्या आधी तिरपी रेघ दिली तर क्लासपाथच्या (जावा जिथे क्लास शोधते त्या जागांच्या) मुळापासून. नुसते फाइलनाव देऊन इमेजआयकॉन बनवला तर जुना मुकेपणा कायम राहतो आणि रुंदी उणे एक येते. गेटरिसोर्सचा निकाल इमेजआयओ.रीडला दिला, तर फाइल नसताना ‘इनपुट इक्वल्स नल’ अशा शब्दांत एक्सेप्शन तरी मिळते.