यूडीआयडी कार्ड: फॉर्म सोपा आहे, तयारी तपासणीची करा

दिव्यांग प्रमाणपत्राचा आणि यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, ऑनलाइन फॉर्म भरणं अवघड नाही. खरा निर्णय रुग्णालयातल्या तपासणीत होतो आणि नेमकी तिथलीच तयारी राहून जाते. मग पुन्हा रजा, पुन्हा गाडीभाडं, पुन्हा रांग.

आधी पात्रता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारांची नोंद आहे. 1995 च्या कायद्यात ते सातच होते. त्यामुळे सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता, मानसिक आजार असलेल्यांनी ‘हात-पाय धड आहेत, आपल्याला कोण देणार?’ असं मनाशी ठरवून घरी बसू नये. 40 टक्क्यांच्या अटीबद्दलही गैरसमज आहे. सरकारी नोकरीतलं किमान 4 टक्के आणि उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण मिळायला किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. कार्ड मात्र त्याखालीही मिळतं. 40 पेक्षा कमी असेल तर पांढरं, 40 ते 80 च्या आत पिवळं, 80 किंवा त्याहून जास्त असेल तर निळं.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड पोर्टलवरच करायचा. आधार, सहा महिन्यांच्या आतला फोटो आणि ओळखीचा पुरावा लागतो. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच टाका, कारण पुढे प्रत्येक योजनेत हीच नोंद जुळवून पाहिली जाते. मोबाईल नंबर घरातलाच द्या, फॉर्म भरून देणाऱ्याचा नको. सरकारी फी काही नाही. लहान मुलासाठी किंवा स्वतः अर्ज करू न शकणाऱ्या व्यक्तीसाठी पालक अर्ज करू शकतात. जुनं प्रमाणपत्र असेल तर तेच अपलोड करण्याची सोय पोर्टलवर आहे. शेवटी मिळणारा नोंदणी क्रमांक लिहून ठेवा, अर्ज कुठे अडला हे त्यावरूनच कळतं.

रुग्णालय तुम्ही राहता त्या जिल्ह्यातलं किंवा उपचार चालू आहेत तिथलं निवडता येतं. निवडताना एकच विचार करा: आपल्या प्रकाराचा तज्ज्ञ तिथे आहे का? कान तपासणारा डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक ठिकाणी नसतो, आणि दिव्यांग तपासणीचे वारही बऱ्याचदा ठरलेले असतात. निघण्याआधी फोन करून दोन्ही विचारा.

जाताना उपचाराचे सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्या: डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, ऑडिओमेट्री किंवा बेरा या श्रवणचाचणीचा अहवाल, बुद्ध्यांक चाचणी, रक्ताचे अहवाल. मानसिक आजार किंवा स्वमग्नता असेल, तर रोजच्या जगण्यात कुठे मदत लागते हे घरच्यांनी एका पानावर लिहून न्यावं. पाच-दहा मिनिटांत डॉक्टरांना सगळं दिसत नाही, आणि त्या दिवशी माणूस शांत असला तर टक्के कमी पडण्याची भीती खरी आहे. तपासणी वरच्या मजल्यावर असेल आणि जिना चढता येत नसेल, तर तळमजल्यावर तपासा असं स्पष्ट सांगा. मूकबधिर व्यक्तीसोबत सांकेतिक भाषा जाणणारं कुणीतरी असू द्या. यात संकोच कसला, तो हक्क आहे.

2024 मधल्या सुधारित नियमांनुसार निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. तोवर काही कळलं नाही तर नोंदणी क्रमांक घेऊन रुग्णालयात चौकशी करा आणि लेखी स्मरणपत्र द्या. दोन वर्षं निर्णय झाला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो, म्हणून वाट पाहत बसणं परवडणारं नाही.

प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं, हे हातात पडताच वाचा. तात्पुरतं असेल तर मुदत संपण्याआधीच नूतनीकरणाला लागा. प्रमाणपत्र देशभर चालतं, राज्य बदललं म्हणून नवं काढावं लागत नाही. नकार मिळाला तर तो लेखीच मागा, कारण कायद्याने तो लेखी कळवणं बंधनकारक आहे. टक्केवारी चुकीची वाटली तरी 2016 च्या कायद्याच्या कलम 59 नुसार राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते, आणि तिथे तपासणीच्या दिवशी नेलेले तेच कागद उपयोगी पडतात.